मनगट सैल सोडा, आजोबा

...आणि वर म्हणते कशी, "आजोबा, मनगट सैल सोडा." आता तुम्हाला सांगतो, सैल सोडायला ते मनगट आहे की पदराची गाठ? पन्नास वर्षं सुतारकाम केलंय मी. रंध्यावर मनगट सैल सोडलं की फळीला खड्डा, पटाशीवर सैल सोडलं की मांडीला खड्डा. आणि ही पोरगी, माझ्या नातीहून दोन वर्षांनी मोठी असेल नसेल, समोर स्टुलावर बसलेली, डोक्यावर केसांचा बुचडा, त्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली... पेन्सिल कानावर ठेवायची असते एवढंही ठाऊक नाही तिला, आणि ती मला हात शिकवते. तरी मी तिला बाईच म्हणतो. शिकवणारी ती बाई, मग वय काही असो.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, या वयात गिटार कशाला? दोन जिने चढून, सायकलवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बसतोस कशाला? सांगतो. फक्त घाई करू नका, मला घाई जमत नाही.

आमच्या घरात दोन माणसं. मी आणि आमची ही. चार वर्षं झाली, हिचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणजे आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन गेला, मग मी गेलो. डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं, तर ते आत शीळ घालतं म्हणून हिनं ते बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. शेजारच्या शिंप्याची काज-बटणं करते ना ही, तो डबा. डॉक्टर म्हणाला, "मग लिहून दाखवत जा." आता काय सांगू त्याला? आम्हा दोघांची शाळा मिळून तीन यत्ता, त्यातल्या दोन हिच्या, आणि त्याही ती विसरली. मी सहीसुद्धा अशी करतो की बँकेतला माणूस विचारतो, आजोबा, हे झाड कशाचं?

बरं, ही बोलते. दिवसभर बोलते. शिंप्याचं बोलते, गुडघ्याचं बोलते, मधेच मला विचारतेसुद्धा, "काय हो, खरं की नाही?" मी म्हणतो, खरं. ती म्हणते, "बोला की काहीतरी." मी म्हणतो, अगं बोललो. ती म्हणते, "पहिल्यापासूनच घुमे तुम्ही."

आणि तुम्हाला सांगतो, तेच खरं आहे. आधीची सत्तेचाळीस वर्षं हिचे कान शाबूत होते, तेव्हा मी काय बोललो? हूं. सुताराच्या तोंडात खिळे असतात. दोन हात कामात, म्हणून खिळे ओठात धरायचे, आणि ते ओठ घरी आल्यावरही उघडायचे नाहीत. ही वाढायची, बोलायची, मी म्हणायचो हूं. घरी आलो हेसुद्धा तोंडानं सांगितलं नाही कधी, दारावर बोटांची पेरं वाजवायची. टक... टकटक. एक, मग जरा थांबून दोन. हिनं आतून विचारलं नाही कधी, कोण आहे म्हणून. यायची आणि कडी काढायची. आता तोंडात खिळा नाही, दातही चारच आहेत, बोलायला वाव भरपूर, तर ऐकायला कोणी नाही. आपल्याच हातानं आपली फळी आखूड कापली, आता कोणाला दोष देणार?

तर गेल्या सुट्टीत नात आली होती. ती कॉलेजात असते दुसऱ्या गावी. तिची गिटार घेऊन आली. दाराजवळ आमचं लांब बाकडं आहे, मीच केलेलं, एका टोकाला ही बटणं लावत बसलेली, दुसऱ्या टोकाला नात. गिटार बाकावर टेकवलेली, आणि ही पोर नुसती तारा छेडत नव्हती, तर मधेमधे गिटारीच्या पोटावर तळहात मारत होती, बोटांनी ठोकत होती, म्हणजे गाणंही तीच आणि तबलजीही तीच. मी म्हणणार होतो, बाळ, मारू नकोस त्याला. तेवढ्यात हिची सुई थांबली. हिनं हात बाकड्यावर ठेवला, उपडा, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "हे काय येतंय? छान येतंय." आणि पायाचा अंगठा हलवायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, या बाईच्या आत बाहेरचं काहीतरी गेलं.

नात जाताना मी म्हटलं, गिटार ठेवून जा, जरा दुरुस्त करतो. ती म्हणाली, "आजोबा, तिला काय झालंय?" मी म्हटलं, बघू. खोटं बोललो. आणि तेच खोटं हिच्या डोक्यात बसलं. चार महिने झाले, मी बाकड्यावर बसून हात मारतोय, आणि ही गल्लीभर सांगत सुटलीय, "आमच्या ह्यांचा हात गेला. एक खोकं दुरुस्त होईना."

आता ही विद्या काय आहे ते ऐका. उजव्या हाताचे तीन मार. पहिला, मधल्या भोकाच्या वरच्या अंगाला तळहाताची टाच पडू द्यायची, आवाज येतो धुम. दुसरा, बोटं सैल सोडून नखांसकट तारांवर टाकायची, तारा गप्प होतात आणि आवाज येतो चट. तिसरा, कडेच्या लाकडावर बोटांची टोकं, टक. बरं, नुसतं एवढंच का? हे चाललेलं असताना त्याच हाताच्या अंगठ्यानं जाड तार छेडायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी गाणं काढायचं. त्याच हातानं, बरं का. मी विचारलं, बाई, मग डावा हात काय करतो? तर म्हणाली, "तो पलीकडे तारा दाबतो, त्याचं आपण नंतर बघू." चार महिने झाले, डावा अजून बसून आहे, बिनकामाच्या जावयासारखा.

आणि माझं काय होतं, एकदा धुम केलं की मी थांबतो. बाई म्हणते, "आजोबा, थांबलात का? पुढे चट."

"ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"लाकूड. पातळ आहे."

"गिटार पातळच असते, आजोबा."

"एक सूत जाडी नाही. हिच्यावर रोज मारायचं?"

"मारायचं नाही, हात पडू द्यायचा. मनगट सैल सोडा."

आता बाईला कसं समजवावं? सुतार लाकडावर ठोकतो तो आतली बातमी काढायला. पोकळ आहे का, कीड आहे का, किती वर्षं काढील. पन्नास वर्षं एक ठोका मारायचा आणि कान द्यायचा. आता ठोका मारून पुढे निघून जायचं? म्हणजे दारात कोणाला हाक मारायची आणि उत्तराच्या आधी चालायला लागायचं, तसंच झालं की हे.

त्यात नखं. बाई म्हणाली, उजव्या हाताची नखं वाढवा, चट नीट येत नाही. वाढवली. तीन आठवडे जपली, दूधसुद्धा डाव्या हातानं तापवलं. पण आमच्याकडे रविवारी दुपारी ही माझी नखं कापते. लग्नापासून कापते, कारण मला पटाशीशिवाय दुसरं हत्यार नखाला लावता येत नाही. त्या रविवारी हात मांडीवर घेतला, नखं पाहिली, म्हणाली, "शी, हे काय अस्वलासारखं?" मी म्हटलं, नको गं, ती गिटारीची आहेत. तिनं नेलकटर काढलं. मी ओरडलो, नको. गल्लीनं ऐकलं. शेजारचा शिंपी खिडकीतून ओरडला, "काकू, नखं कापू नका, मेस्त्री कलाकार झालेत." सगळ्यांनी ऐकलं, फक्त जिच्यासाठी ओरडलो तिनं नाही. ती म्हणते, "हात आवळताय कशाला? सैल सोडा की मनगट."

सोडलं. काय करणार? हातही ओढता आला असता म्हणा. पण आठवड्यातून तेवढा एकदाच ती माझा हात धरून बसते, एकेक बोट निवांत बघते. नखांसाठी तो हात कोण काढून घेईल?

मग मी ते केलं, जे करायला नको होतं. आता तुम्ही हसाल. हसा. गिटारीच्या त्या पातळ फळीचा मला लागला घोर. जेवताना तीच, चालताना तीच. ज्या जागी तळहात पडतो तिथं आज ना उद्या चीर जाणार, नातीची वस्तू, उत्तर काय देणार? आणि कुठल्याही सुताराला विचारा, जिथं मार बसतो तिथं खालून आधार द्यायचा असतो. यात चुकलं काय? पलंगाखाली जुन्या दाराची एक फळी होती. आमच्याच घराचं दार, खालून कुजलं म्हणून सहा वर्षांमागं बदललं, वरचं लाकूड चांगलं होतं ते मी टाकलं नव्हतं. त्यातला वीतभर तुकडा कापला, रंधला, पॉलिश पेपर मारला, तारा ढिल्या केल्या, भोकातून हात आत घातला... आणि असा बसवला, असा बसवला की काय सांगू, वर्षभरात इतकं नेटकं काम झालं नव्हतं. सरस लावून, पाचर देऊन, दोन दिवस दाबून ठेवला. हातानं ठोकून पाहिलं. बातमी उत्तम. शंभर वर्षं निघतील.

घेऊन गेलो बाईकडे. तिनं एक तार छेडली. मग दुसरी छेडली. मग गिटार कानाला लावली, भोकात बॅटरी मारली, आणि बराच वेळ आत बघत बसली.

"आजोबा, हे काय आहे?"

"आधार."

"कोणी सांगितला?"

"सांगावा लागतो का?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आजोबा, ती फळी पातळ असते कारण तिला थरथरायचं असतं. तुम्ही तिला धरून ठेवलंत." मनगटाचं मी समजू शकतो, पण मी घट्ट धरायला लाकूडही सोडलं नाही. म्हटलं, काढून टाकतो. पण माझा सांधा आहे तो. माझा सांधा निघत नाही, फळी फाटते. बाई म्हणाली, "तारा आता वाजायच्या नाहीत. ठोके तेवढे वाजतील." आणि मग सवयीनं म्हणाली, "मनगट सैल सोडा." बिचारी.

नातीला अजून सांगितलेलं नाही. ती आली की बघू.

काल संध्याकाळी आलो, बसलो बाकड्यावर. ही पलीकडच्या टोकाला, मान खाली, शिंप्याच्या शर्टाचं तिसरं बटण चाललेलं. मी गिटार टेकवली. धुम केलं. धुम राहिलंच नव्हतं त्यात, नुसतं भरीव लाकूड. चट केलं, नखंच नाहीत. ही मान वर करीना, अंगठा हलवीना. चार महिने, दोन जिने, आणि नातीचं खोकं मी मारून टाकलं... आता पुरे, म्हटलं, ठेवून द्यावी. शीण आला होता. हात असाच पडला गिटारीच्या पोटावर, बोटांची पेरं वाजली. टक... टकटक. एक, मग जरा थांबून दोन. आणि तुम्हाला सांगतो, मनगट सैल होतं. अगदी सैल. बाई बघायला हवी होती.

हिची सुई थांबली.

हिनं शर्ट बाजूला ठेवला. मांडीवरचे धागे झटकले. केस सारखे केले, दोन्ही हातांनी, पूर्वी करायची तसे. उठली, गुडघ्यावर हात ठेवून, पण लगबगीनं, आणि माझ्या समोरून, माझ्या पायाला धडकून, दाराशी गेली आणि कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं. कसं असेल? ही उंबऱ्यात उभी. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वळली, मला पाहिलं, म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आलात."

मी म्हटलं, आलो गं. इथंच आहे. हे ऐकायला कान लागतात, ते बटणांच्या डब्यात.

आज सकाळी मुद्दाम पुन्हा केलं. टक... टकटक. पुन्हा उठली, केस सारखे केले, दार उघडलं. दुपारी केलं, पुन्हा तेच. गुडघे दुखतात तिचे, मला कळत का नाही? पण ते केस सारखे करताना बघायचं म्हणून एकदा, अजून एकदा... चौथ्या वेळी मात्र भडकली. दार आपटलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "कुणीतरी टवाळ कार्टं सकाळपासून दार वाजवून पळतंय. आणि तुम्ही ते खोकं घेऊन दाराशीच बसलाय. काय हो, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मी मान हलवली. नाही येत, म्हटलं.

मग ती डब्यातून ते यंत्र काढून घेऊन आली, आणि स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातलं. खरंच शीळ घालतं हो ते.