सासूबाईंची चक्कर

शिलाई मशीनवर वाकून पाठ धरलेल्या मावशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी सासू-सुनेची कुजबुज चालली होती, मग मावशींचे कान तिकडे जाणारच.

"आई, महिनाभर चक्कर आली नाही, हे सांगा हं डॉक्टरांना."

"मुळीच नाही."

"अहो, पण ते म्हणतील, आता एकट्या फिरायला जा, सोबत नको."

"म्हणूनच सांगायचं नाही."

"आई, खोटं कशाला बोलायचं?"

"तुझी साखर वाढली तेव्हा काय म्हणालीस? ऑफिस, घर, चालायला वेळ कुठाय? तेव्हा कुणी तुला वेळ काढून दिला?"

"नाही."

"आणि मला चक्कर आल्यावर?"

"हे म्हणाले, भांडी मी घासतो, तू आईला रोज फिरवून आण."

"मग! माझी चक्कर गेली की तुझं फिरणं गेलंच म्हणून समज."

सून आणखी जवळ सरकली.

"आई, खरं सांगा. चक्कर आली तरी होती का?"

"पहिली खरी होती."

आतून हाक आली. सासूबाई टुणकन उठल्या, तरातरा दारापर्यंत गेल्या आणि तिथे थबकून त्यांनी हात मागे केला.

"धर गं मला."