विहीणबाईंचं वादळ

…अन् माझी पाण्याची टाकी, तुम्हाले सांगतो, म्हशीसारखी दाव्यानं बांधून टाकली! गच्चीवरची! काठोकाठ भरून! मी म्हटलं, "समधनजी, टाकी काय चरायले जाणार आहे का?" तं म्हणते कशी, "समधीजी, उड़ने से पहले सब टंकी यही बोलती है." आता बोला! अहो, मी रायपूरचा माणूस. भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीस वर्षं काढली. तिथं धूळ उडताना पाहिली, टाकी उडताना नाही पाहिली. अन् समुद्र? समुद्र इथून पाचशे किलोमीटर!

आता ही विहीणबाई आली कशी, तं माझी पोरगी रुचिता दिली ओडिशात, गोपालपुरात. घरासमोर रस्ता, रस्त्यासमोर समुद्र. मोठं वादळ येऊन राहिलं म्हणून किनारा रिकामा करायचा हुकूम निघाला, तं रुचितानं सासूले गाडीत बसवून धाडलं इकडं. फोनवर मले म्हणते, "पापा, मम्मीजी को चार दिन आराम करने देना." आराम! बाईनं चप्पल काढली, पाणी प्याली, अन् नजर लावली ती सरळ अंगणातल्या शेवग्यावर.

"ये पेड़ काटना पड़ेगा."

मंडळी, माझ्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. तो शेवगा कलावतीनं लावलेला. कलावती म्हणजे माझी घरवाली. तिले जाऊन तीन वर्षं झाली, अन् तीन वर्षांत त्या झाडाच्या पानाले मी कोणाचा हात लागू दिला नाही. आडवा वाढला, गच्चीवर टेकला, शेजारच्या तुळशीरामच्या खिडकीत घुसला… घुसू दे! त्याच्या सावलीत माझी खाट. विहीणबाई म्हणते, "पूरा नहीं, सिर्फ ऊपर का. हवा को निकलने का रास्ता चाहिए." मी म्हटलं, "बाकी घर तुमचं, समधनजी. शेवगा माझा." अन् समुद्र पाचशे किलोमीटर!

बाकी घर तुमचं… हे बोललो अन् मेलो! गंज, बादल्या, कुकर, माझा दाढीचा मग, सगळ्यात पाणी भरून ठेवलं. दाढी करायची कशात? मेणबत्त्या, काडेपेटी, चिवडा, माझं आधार कार्ड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत; पिशवीले गाठ, गाठीवर गाठ. अन् तो तुळशीराम! चाळीस वर्षांचा बाप्या, स्वतःचं घर सोडून माझ्या घरी तिच्या हाताखाली लागला! "तुळशीराम, रस्सी!" "हव दीदी!" "तुळशीराम, पत्थर!" "हव दीदी!" मी म्हटलं, "काहून रे, माझ्या कामाले तुझ्या तोंडातून कधी 'हव' निघत नाही?" तं म्हणते, "धर्मपालकाका, तुम्ही काम कुठं सांगता? तुम्ही तं भाषण देता."

दुसऱ्या दिवशी बाई भिंतीजवळ उकिडवी बसून मुंग्या पाहून राहिली. "अंडा लेके ऊपर जा रही है." जाऊ दे ना जी, त्यांचं घर, त्यांची अंडी! पण नाही. मले लगेच धाडलं तेलीबांध्याच्या तलावावर, बगळे आहेत का पाहून या म्हणून; वादळाआधी पाखरं जागा सोडतात म्हणे. बासष्ट वर्षांचा माणूस, भर दुपारी, बगळे शोधून राहिलो! रोज काठावर पांढरी रांग असते त्यांची. त्या दिवशी? एक नाही! नुसतं पाणी. अन् वर आभाळ पिवळं, कावीळ झाल्यासारखं. मंडळी, तेव्हा मी पहिल्यांदा मागं न पाहता घराकडं सुटलो. पण समुद्र… समुद्र तं पाचशे किलोमीटर ना?

घरी पोचलो अन् वारा सुटला. कशाचा वारा, अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, कोणीतरी सतरंजीसारखा धरून झटकून राहिलं! शेवगा कमरेतून वाकला. मी ओरडलो, "काटो! समधनजी, काटो! तुळशीराम, कुऱ्हाड आण!" अन् मी, हा मी, पायजमा वर धरून झाडाकडं पळालो! बाईनं मागून बनियन धरली माझी. "अब नहीं! तूफान में पेड़ के पास कोई नहीं जाता!"

"अरे, कलावती का है वो!"

"मालूम है. इसीलिए कल बोला था."

अन् पडला. तुम्हाले वाटेल मोठा आवाज झाला असेल… काही नाही. शेवग्याचं लाकूड पोकळ, पोचट. गुपचूप बसला खाली. माझ्या खाटेवर. जिथं मी रोज दुपारी घोरतो, तिथं. खाटेचे चार पाय चार दिशांले. मी तोंड उघडं टाकून पाहून राहिलो, तेवढ्यात डोक्यावरून एक काळी टाकी गेली. उडत! तुळशीरामची! माझी बांधली, स्वतःची बांधायची राहिली त्याची!

पाऊस थांबला. मी ओसरीवर बसलो. रडलो नाही, मंडळी. बस, उठता येईना. अन् ही बाई? कोयता घेऊन त्या झाडाचे तुकडे करून राहिली! मी म्हटलं, "आज तरी राहू द्या जी…" तं मान वर न करता म्हणते, "मुनगा ऐसे नहीं मरता, समधीजी." मुनगा म्हणजे आपला शेवगाच. हातभर लांब फांद्या कापल्या, एक ओल्या मातीत खोचली अंगणात. अन् बाकीच्या? बाकीच्या पाऱ्यात वाटल्या! ज्याच्या फाटकाशी जागा दिसली तिथं खड्डा! विचारणं नाही, सांगणं नाही! मागं तुळशीराम पहार घेऊन, "हव दीदी!"

बाई गेली आपल्या गावी. जाताना मले हुकूम, "रोज पानी देना, सबको." महिन्याभरात सगळ्या फांद्यांले पालवी फुटली हो! कलावती होती तेव्हा एका झाडाले पाणी घालायचा मले कंटाळा. आता रोज सकाळी बादली घेऊन अकरा घरच्या घंट्या वाजवून राहिलो. अन् दार उघडलं की माणूस आत तोंड करून ओरडते, "अवं, कलावतीबाईचा पाणीवाला आला!"