उजवा पाय

आणि वर मलाच विचारतात, पाय का नाही बघितलास म्हणून! बघितला ना! डावा बघितला, चांगला चष्मा पुसून! कडं उजव्या पायात घालतात हे मलाही ठाऊक आहे हो, पण असला पक्षी हातात आल्यावर उजवं-डावं कुणाला आठवतंय?

तुम्हाला सांगतो, जन्म गेला बोटीची इंजिनं सांभाळण्यात, आणि आता तीन वर्षं ह्या बेटावर जाळ्यातले पक्षी ओळखून त्यांच्या पायात नंबराची कडी घालायला शिकतोय. नऊ ग्रॅमचा जीव, पण घाम फोडतो! आमच्या पक्षी-केंद्राची प्रमुख गुनवोर, तिचं एकच पालुपद, "सिक्स्टन, आधी पाय बघ, मग पंख मोज, मग तोंड उघड!" झोपेतही म्हणत असेल. आणि आज माझी परीक्षा. पास झालो की परवाना, माझ्या स्वतःच्या नावाचा!

तर दुपारी कापडी पिशवीत हात घातला, बाहेर काय आलं? हिरवट वटवट्या... पण साधा नव्हे! पंखावर फिकट रेघ, भुवई लांबलचक, पण चोचीपर्यंत पोचत नाही... अहो, सायबेरियाचा! वाट चुकून आमच्या दारात! आधी पाय... डावा बघितला, रिकामा! मग पंख... कसलं काय! पक्षी परत पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि मी जाऊन घंटाच बडवली! घंटा वाजली की आमच्याकडे हातातलं टाकून पळायचं, आणि पक्षी साधा निघाला तर वाजवणाऱ्याने आठवडाभर सगळ्यांना दालचिनीचे पाव भाजून घालायचे. आले सगळे, कुणी तर एकाच बुटात!

गुनवोरने पंख मोजला, फुंकर मारून पोट बघितलं. "अरे, खराच आहे की रे! बेटावर पहिलाच! शाब्बास!" अंगावर काटा आला माझ्या! मग ती थबकली. "सिक्स्टन... पाय बघितलास?"

उजव्या पायात कडं. नंबर बघितला तर आमचंच. आजचंच!

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे सकाळी कुणीतरी हा साधा म्हणून सोडून दिला? कोण हा गाढव? परवाना देऊ नका त्याला! वर्षभर जाळ्याजवळ फिरकू देऊ नका!"

गुनवोरने नोंदवही माझ्याकडे फिरवली. सहा चाळीस. साधा वटवट्या. 'शंका नाही', खाली दोन रेघा मारून. आणि अक्षर... इतकं घाणेरडं अक्षर बेटावर एकाचंच आहे.

काय करणार? पक्षी खरा निघाला, पाव वाचले. आणि तीन वर्षांत ज्या बाईने माझा एक सल्ला मानला नाही, तिने आज शब्द न् शब्द मानला.