खालच्या थरातले चिकू

शिक्षेचं तुम्ही मला सांगू नका. परवा अमेरिकेहून भाच्याचा फोन आला, तो नुसता पेटलेला होता. तिकडचा तो हाताने खेळायचा फुटबॉल, त्याचं वेड आहे त्याला.

"मामा, आमच्या टीमच्या हिरोवर चार मॅचची बंदी. म्हणे, पकड नीट बसावी म्हणून बॉलमधली हवा काढली. एवढ्याशा हवेसाठी चार मॅच?"

"घरी बसायचं? ही शिक्षा नाही, सुट्टी झाली."

मग त्याला माझं सांगितलं. आमची चिकूची वाडी; एकदा मी विकायच्या पेटीत खाली बारीक चिकू भरून वर मोठ्यांचा थर लावला. बोर्डीतल्या व्यापाऱ्याने पकडलं. वडील त्याला म्हणाले, "याचा माल बंद करू नका. सीझनभर हा प्रत्येक पेटी सगळ्यांसमोर उपडी करून दाखवेल."

केली. लोक हसायचे, मी मान खाली घालून चिकू परत भरायचो.

"तुझ्या हिरोला खेळू दे," मी म्हटलं. "फक्त दर वेळी फेकण्याआधी बॉल अख्ख्या स्टेडियमसमोर दाबून दाखवू दे."

भाच्याने विचारलं, "मामा, तुमचा तो सीझन संपून किती वर्षं झाली?"

"वीस. पेटी मी अजून उपडी करूनच देतो."