जिंकणारं जू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस जिंकतो तेव्हा नेमकं कोण जिंकतं? आणि हरतो तेव्हा हरतं कोण? लगेच माना हलवू नका. आधी सोपानराव घोलपांची हकिकत ऐका.

पिंपळदरीच्या या सोपानरावांकडं शर्यतीचा बैल होता — हरण्या. ओळीनं नऊ शर्यती मारल्या त्यानं! जोडीला बैल कुणाचाही असो, छकडा पुढंच. पण गावातून मिरवायचं कोण? सोपानराव. फेटा त्यांना, हार त्यांना. बैलाला काय, गुळाचा खडा. हसताय? तुमच्या घरात वेगळं आहे का?

नववी शर्यत झाली आणि कोंडिबा सुताराची नजर छकड्याच्या जुवावर गेली. म्हणाला, खालची कड झिजून धार आलीय, रंधा मारून देतो. सोपानरावांनी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. ज्या जुवानं नऊ शर्यती दिल्या त्याला हत्यार लावायचं? नाव काढू नका! उलट शर्यत नसेल तेव्हा जू देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवायचे आणि रोज त्याला हळदकुंकू वाहायचे.

दहावी शर्यत गेली. अकरावी गेली. मग सुरू झाली शोधाशोध — दोष कुणाचा? हाकणारा बदलला. छकड्याचं लिंबू-मिरची बदललं. निघताना बायको समोर आली होती, म्हणून पुढच्या वेळी रंभाबाईंना माजघरात बसवलं. सगळं बदललं, मंडळी, जू तेवढं तेच. ते जिंकणारं ना! अशा सहा शर्यती हरले. पूर्वी हरण्याला रोज स्वतः चोळणारे सोपानराव आता गोठ्याकडं फिरकेनात. शेवटी ठरवलं, पोळा झाला की दुसऱ्या दिवशी हरण्याला बाजार दाखवायचा.

रंभाबाईंना हे पटलं नाही. पण भांडल्या नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर ज्यानं जू वाहिलं त्याचा खांदा लोणी-हळदीनं मळायचा, उद्याच्या जेवणाचं त्याला आवतन द्यायचं. त्यांनी वाटी भरली, नवऱ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "विकायचा तर विका. आजचा मान तेवढा तुमच्या हातानं द्या."

सोपानराव नाखुशीनं उठले. हरण्याच्या मानेवर हात ठेवला — आणि बैल दचकून मागं सरला! हातावर वाढवलेलं जनावर, धन्याच्या हाताला भ्यालं. त्यांनी हळूच पुन्हा बोटं फिरवली. केसांखाली टणक गाठ होती, गरम लागत होती. वरून काही दिसत नव्हतं, आणि हात लावून महिने झाले होते.

ते घरात गेले. देव्हाऱ्याजवळचं जू उचलून आणलं, गाठीशी धरलं. झिजलेली कड बरोबर तिथंच बसली.

सोपानरावांना रडू आवरेना. बैलाच्या गळ्यात हात टाकून एवढंच म्हणाले, "सहाच्या सहा मी हरलो, गड्या."

पोळ्याला हरण्या मिरवला. अंगावर ना झूल ना गोंडे, खांद्यावर नुसता हळदीचा लेप. बाजार राहिला, जू कोंडिबाच्या रंध्याखाली गेलं. वर्षभर शर्यतीचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी हरण्या धावला आणि तिसरा आला. सोपानरावांनी गावभर पेढे वाटले! लोक म्हणाले, पहिला नाही, दुसरा नाही, पेढे कसले? सोपानरावांनी हरण्याच्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "बघा की, दचकत नाही."

आता मी तुमच्याकडं वळतो. लेक पहिली आली की म्हणता, आमची लेक. नंबर हुकला की शिकवणी बदलता, अभ्यासाला बसायची दिशा बदलता, आईला बोल लावता. तिच्या मानेवर तुम्ही ठेवलेलं जू कधी तपासलंत? पांडुरंगाचं नाव घ्या, आणि घरी गेल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवून बघा. दचकली, तर उद्या सकाळी आधी सुताराकडं जा.