दाजींचा आवाज

मनातलं ऐकू येण्याची शक्ती काढून टाकणाऱ्या दवाखान्यात मीही नंबर लावून बसलो होतो. शेजारी बहीणभाऊ होते.

“ताई, तुझा नंबर आला. ऊठ.”

“नको. घरी जाऊ.”

“अगं, लोकांच्या मनातलं ऐकून डोकं उठतं म्हणून तूच रोज रडतेस ना?”

“रडते. पण तुझ्या दाजींचा आवाज मला आता आठवत नाही रे. तू बूट घालताना तुझ्या मनात ते ‘आवर रे’ म्हणतात. तेवढाच ऐकू येतो.”

“मग सांगायचंस. रोज आठवलं असतं.”

“मुद्दाम आठवलंस की ते तुझ्याच आवाजात बोलतात.”

“बरं. बूट काढून परत घालतो.”

ती माझ्याकडे वळली.

“काका, तुम्ही काकूंना जरा हळू आठवा. मला यांचं ऐकू येईना.”