नामाचा दगड

[शेलार गावाजवळचं घर. चिंधू कापडाच्या लूमवरची शिफ्ट संपवून नुकताच सायकलवरून आलाय. दारात त्याची आई, ठकुबाई.]

ठकुबाई : सकाळी दिलेलं झेंडूचं फूल खिशातच कसं रं? नामाच्या दगडावर वाहिलं न्हाईस?

चिंधू : दगड न्हाय तिथं, आये. सकाळी मी आन् लूमवरच्या हिरामणनं उचलला. बांधावर नेऊन ठेवला.

ठकुबाई : हात कसा धजला तुझा! सख्खा भाऊ ना तुझा? ट्रकखाली जिथं गेला ती जागा हाय ती. त्याचं तेरावं झालं न् मी रस्त्यात जाऊन बसले, म्हनून सायकलवाल्यांना डांबराच्या कडंनं ही मुरमाची पट्टी मिळाली.

चिंधू : आन् त्याच पट्टीत मधोमध तू दगड ठेवलास.

ठकुबाई : मग काय डांबरावर ठेवू?

चिंधू : शेंदूर फासलास, रोज फुलं. त्याच्यावरनं सायकल कोन घालील? पट्टी दोन हात, बाजूला गटार. लूमवरचे भय्ये सुदा 'अम्मा का पत्थर है' म्हनून डांबरावर वळतात. परवा राघो वळला. मागनं ट्रक.

ठकुबाई : राघो... दगडापायी गेला? ट्रकवाला प्यालेला म्हनत होते ना?

चिंधू : मी राघोच्या मागंच होतो, आये.

ठकुबाई : काल राघोच्या तुळजाच्या गळ्यात पडून रडले रं मी. ट्रकवाल्याचं वाटोळं होवो म्हनले. तिचं वाटोळं तर मीच केलं.

चिंधू : जानून केलंस व्हय?

ठकुबाई : तिचा नवरा येनार हाय का त्यानं? ... बरं केलंस, उचललास. आता तरी पोरं पट्टीवरनं जातील.

चिंधू : न्हाय जात.

ठकुबाई : का? आता काय आडवं हाय?

चिंधू : काय न्हाय. शेंदराचा डाग तेवढा मुरमात. शिफ्ट सुटल्यावर उभं राहून बघितलं. सगळी रांग तिथवर येते न् डांबरावर चढते. कोन खाली बघत पन न्हाय.

ठकुबाई : अरं, मग तू पुढं व्हायचं! नामाचा भाऊच तिथनं सायकल घेऊन गेला म्हनल्यावर मागनं सगळे आले असते.

चिंधू : त्याच्यासाठीच थांबलो होतो.

ठकुबाई : मग?

चिंधू : डागापर्यंत चाक नेलं, आये. आन् मी पन वळलो.